राजवाडा बंद, महू चालू

१० फेब्रुवारी, सोमवार

हजेरी: तीन. आजारी: कुणी नाही. (बायको चंपा म्हणते एक. म्हणजे मी.) हवा कोरडी, सकाळी गारवा.

आजपासून ड्यूटी लागली म्हणून नवी वही काढली. सव्वीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये टेलिफोनच्या तारा ओढल्या आणि रोज संध्याकाळी लॉगबुक लिहिलं. रिटायर झाल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप आणि मधल्या वेळात मोबाईलवर 'तार जोडो' हा गेम. त्यात नोव्हेंबरात डॉक्टरांनी छाती उघडून हृदयाला तीन नवे रस्ते काढून दिले. काम चोख केलंय, मी नकाशा मागून पाहिला. पण तेव्हापासून घरात मला काचेच्या बरणीसारखं सांभाळतात.

आमची मुलगी धम्मदीना कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिनाचं मोठं फोटो प्रदर्शन आहे आणि त्यात पहिल्यांदाच तिला एक अख्खी भिंत मिळालीय. आणि नेमकं आजपासून सव्वीसपर्यंत तिचं जबलपूरला ट्रेनिंग. निघायच्या आधी ती एक मोठा ट्रे घेऊन आली. खाली काळा कागद, त्यावर काचेसारखी जेली आणि एका कोपऱ्यात पिवळा डाग.

"हळद सांडली का गं?"

"पप्पा, ते जिंदा आहे. स्लाईम मोल्ड. बुरशी नाही, झाड नाही, जानवर पण नाही. एवढं सगळं मिळून एकच पेशी. डोकं नाही, तरी रस्ता शोधतं."

जपानात म्हणे शास्त्रज्ञांनी याच्यासमोर शहरांच्या जागी ओट्स ठेवले, तर याने रेल्वेसारखं जाळं विणलं. दीनाने ओट्सऐवजी पोहे ठेवलेत, आणि शहरांऐवजी आपलं इंदूर. राजवाडा, मल्हारगंज, परदेशीपुरा, पलासिया, भंवरकुआ, राजेंद्र नगर. मी म्हटलं, महू कुठेय? आजोबांपासून सगळी फौजी नोकरी तिथली, आणि महूच नाही? तिने हसून खालच्या कोपऱ्यात सातवी चिमूट ठेवली.

जाळं झालं की त्याचा फोटो भिंतीवर लागणार. ते मेलं तर भिंत कोरी. "मी कोणावर सोडू, पप्पा?" म्हणाली. बरोबर आहे. दुसरं आहे कोण?

ऑर्डर लेखी दिलीय:
१. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात: पाणी शिंपडणे. (गोळी)
२. दिवसा दर दोन तासांनी एक फोटो.
३. ट्रे वरच्या खोलीतच. अंधारात.
४. मीठ, मसाला बिलकुल नाही.

पाण्याच्या वेळेसमोर माझ्या गोळ्याही लिहून टाकल्यात. कागद वाचवायची सवय तिला माझ्याकडून लागली. चौथा नंबर चंपासाठी असणार. माझ्या पथ्याचं पुराण सरकारी कागदावरसुद्धा सुटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र मला पटला नाही. खाली जिन्याखालचं कपाट चांगलं अंधारं आहे. म्हणे वरची हवा त्याला बरी. ऑपरेशननंतर मी वर गेलेलो नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं. पोरगी हुशार आहे, पण जागेच्या प्लॅनिंगमध्ये कच्ची.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरी: दोन.

सतरा पायऱ्या. तीनदा थांबलो. चंपा खालून 'हळू, हळू' करत होती. नवव्या पायरीवर कठडा घट्ट धरला आणि क्षणभर वाटलं, टाके उसवतील. भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं. सव्वीस वर्षांत एकही नोंद खोटी नाही.

पिवळा एक इंच सरकलाय. मी त्याचं नाव पिवळ्या ठेवलं. रिक्रूट बरा वाटतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोटोग्राफीत आज मोठी प्रगती. तीन दिवस फ्लॅश मारून काढत होतो, तर पिवळ्या ओळखपत्रावरच्या माणसासारखा दिसायचा, सपाट आणि घाबरलेला. दीनाने जुना फोन आणि चिमट्याचं भिंग ठेवलंय, पण उजेडाचं शहाणपण भिंगातून येत नाही. तारेतला फॉल्ट शोधताना आम्ही बॅटरी कधी समोरून मारायचो नाही. बाजूने, जमिनीलगत मारायची, म्हणजे चीर सावली टाकते. तेच केलं. टॉर्चला बटर पेपर लावला, फोन पिठाच्या दोन डब्यांवर आडवा ठेवला. एकेक नस उठून दिसली! दीनाला पाठवला. तिने नुसते अकरा फटाके पाठवले.

भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या नसांतून माल वाहतो. पन्नासेक सेकंद एका बाजूला, मग थांबतो, मग उलटा. घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. छातीवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. चंपा घाबरून धावत वर आली. तिलाही दाखवलं.

"याला कोणी शिकवलं हो?" म्हणाली.

संध्याकाळी शेजारचे विजय आले होते, बँकेतून रिटायर. 'तार जोडो' मध्ये त्यांना प्रत्येक लेव्हलला तीन तारे. मला दोन. या गेममध्ये सगळे दिवे कमीत कमी तारेने जोडायचे असतात. मी दिवे जोडतो, पण एक जादा तार फिरवून परत आणतो, म्हणून एक तारा कापतात. दोनशे चौदा लेव्हल झाल्या, दोनशे चौदा तारे कापले.

"भिया, गेम छोटा रास्ता मांगता है, तुम्ही रिंगरोड बनवता."

"आणि एक तार तुटली तर?"

"अरे भिया, गेममध्ये तार कुठे तुटते!"

ज्याने हा गेम बनवला त्याने आयुष्यात कधी लाईन टाकलेली नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येक लाईनला जोडीची स्पेअर लाईन असायची, वेगळ्या वाटेने टाकलेली. माझा एक्सचेंज कधी मुका झाला नाही. पण जे झालंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार? फोन लागला, तर लोक फोनवर बोलतात, लाईनमनबद्दल नाही बोलत. हे मी कधी कुणाला बोललो नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

महू जोडलं! पहाटे साडेसहालाच वर गेलो, ऑर्डरच्या अर्धा तास आधी. राजवाड्यातून फुटलेली नस भंवरकुआ, राजेंद्र नगर करत खाली महूच्या पोह्यांवर जाऊन बसलीय. चौदा एप्रिलला महूचा रस्ता भरतो तशी जाड. मी सॅल्यूट केला. वर कुणी नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पायऱ्या सतरा. थांबलो एकदाच. सातही ठाणी चालू. बाकी विशेष नाही.

दीनाचा फोन. "पिवळ्याने पाणी घेतलं?" "हो." "आणि तुम्ही गोळी?" तिला दोन विषय वेगळे ठेवायची सवयच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे पाहिलं ते नीट लिहितो.

सगळी ठाणी राजवाड्यातून जोडलेली आहेत. हिशेबाने पिवळ्याचं काम संपलं होतं. 'तार जोडो' ने त्याला तीन तारे दिले असते. पण त्याने भंवरकुआपासून थेट पलासियापर्यंत एक बारीक नस टाकलीय. राजवाड्याला न विचारता, वेगळ्या वाटेने. गरज काहीच नव्हती.

मी दोन वेळा भिंग पुसून पाहिलं. स्पेअर लाईन! डोकं नसलेल्या, शाळेत न गेलेल्या एका पेशीने स्पेअर लाईन टाकली!

विजयना हाक मारून वर आणलं. त्यांना दम लागला, मला नाही. "बघा. याचाही एक तारा कापा."

त्यांनी वाकून ती नस टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाले, "भिया, ये तो तुम्हारी बिरादरी का निकला."

आज जेवण दोन घास जास्त गेलं. खूप बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

राजवाड्याचे पोहे संपत आले होते. चंपाने नाश्त्याला पोहे केलेच होते, माझ्या वाट्याचे पथ्याचे, अळणी. टॉर्चच्या डब्यात मी जीरावन मसाल्याची पुडी ठेवतो. (वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.) ती माझ्या बशीवर भुरभुरवली. इंदूरच्या माणसाने जीरावनशिवाय पोहे खाणं म्हणजे शिक्षा.

मग विचार आला, बारा दिवस हा बिचारा कोरडे कच्चे पोहे खातोय. एवढं काम केलं. राजवाड्यावर कधी कुणी कोरडे पोहे खाल्लेत? माझ्या बशीतली एक चिमूट राजवाड्यावर ठेवली. पिवळ्याला पहिल्यांदाच इंदुरी नाश्ता.

२३ फेब्रुवारी, रविवार

राजवाडा मेला.

सकाळी वर गेलो तर पोह्यांभोवती रिकामं वर्तुळ. राजवाड्याकडे जाणाऱ्या सगळ्या नसा आखडून मागे गेल्यात. जिथे नस होती तिथे गोगलगाय गेल्यासारखा नुसता चकचकीत माग उरलाय. मल्हारगंज एकटं तुटून पडलंय, फिकट झालंय.

ऑर्डरचा कागद काढला. चौथा नंबर. 'मीठ, मसाला बिलकुल नाही.' तो पथ्याचा नव्हता. पिवळ्याचा होता. जीरावनमध्ये निम्मं मीठच.

पोरीने पहिल्यांदा काहीतरी विश्वासाने हातात दिलं आणि मी जिभेच्या लाडापायी ते मारलं. तिची भिंत कोरी राहणार. लोक येतील, सगळ्यांच्या भिंतींवर फोटो, आणि आमच्या दीनाच्या भिंतीवर चार खिळे.

एक वाजता तिचा फोन आला. "सब ठीक, पप्पा?"

मी म्हटलं, "सब ठीक."

सव्वीस वर्षांत एकही खोटा रिपोर्ट दिला नव्हता. आज दिला. हजेरी लिहायची इच्छा नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून फोन हातात घेऊन बसलो होतो. दहाला केला.

"दीना, फॉल्ट रिपोर्ट आहे. काल खोटं बोललो. राजवाडा बंद पडला. कारण: जीरावन. जबाबदार: मी."

मला वाटलं, आता रडेल.

"पप्पा, जीरावन आलं कुठून घरात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "टॉर्चच्या डब्यातून. मी रोज थोडं थोडं खातो."

चंपा दारात उभी होती, हे मला माहीत नव्हतं. तिने टॉर्चचा डबा उचलला, पुडी काढली आणि खाली जाऊन सरळ कचऱ्याच्या गाडीवाल्याला देऊन आली. मग लगेच वर आली आणि माझ्याशेजारी बसली.

फोनवर दीनाचा आवाज बदलला. आता ती मास्तरीण झाली होती.

"नाराज नका होऊ पप्पा. मीठ लागलं की तो हटतो, मरत नाही. काही छेडू नका, पोहे पण हटवू नका. मला बस एवढं सांगा, महू चालू आहे का? परदेशीपुऱ्यापर्यंत?"

कालपासून मी फक्त राजवाड्याकडे बघत होतो. फॉल्ट झाल्यावर आधी बाकीची लाईन तपासायची, हे मी शंभर पोरांना शिकवलं असेल, आणि स्वतः विसरलो. भिंग लावलं. महूपासून सुरुवात केली. महू, राजेंद्र नगर, भंवरकुआ. तिथून ती बारीक, कुणी न मागितलेली नस. ती आता बारीक नव्हती, दुप्पट झाली होती. पलासिया. आणि पुढे परदेशीपुरा. माल वाहत होता. पन्नास सेकंद इकडे, पन्नास तिकडे.

"राजवाडा बंद," मी रिपोर्ट दिला, "महू चालू."

दीना पलीकडून ओरडली, "पप्पा, फोटो! अभी का अभी फोटो!"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस फोटो काढले. घाई केली नाही. टॉर्च कुठून मारायचा हे तीनदा बदललं. शेवटी महूच्या बाजूने, अगदी टेकून मारला, तेव्हा सोडलेले जुने माग चांदीसारखे चमकले आणि चालू नसा पिवळ्याधमक उठल्या. मधोमध राजवाड्याचं काळं भोक. इंदूरचं काळीज बंद पडलंय आणि इंदूर तरी जागंच आहे.

असा फोटो मी आजवर पाहिला नाही. माझ्याकडून निघालाय म्हणून नाही म्हणत. बरं, लॉगबुकात खोटं नको: म्हणूनच म्हणतो.

ता. क. मल्हारगंजही वाचलं. आज दुपारी त्याने राजेंद्र नगरकडे स्वतःहून नस टाकली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हजेरी: पूर्ण.

हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टपाशी गर्दी, म्हणून जिन्याने गेलो. वर पोचलो तर दीना दारात उभी. माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, आणि डोळ्याला रुमाल लावला. पहिलं प्रदर्शन आहे, साहजिक आहे. मी तिला म्हटलं, बाईमाणसासारखं नाही, फौजीच्या पोरीसारखं उभं राहा. चंपाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं गिळलं.

भिंतीवर एकच फोटो, माझ्या खांद्याएवढा उंच. खाली पाटी:

'राजवाडा बंद, महू चालू. छायाचित्र: हवालदार भाऊराव, लाईनमन, सिग्नल्स.'

मी पाटी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचता आली नाही, चष्मा ओला झाला. सव्वीस वर्षं आणि वर निवृत्तीची वीस, आणि कुणीतरी पहिल्यांदा माझ्या नावापुढे 'लाईनमन' असं लिहून भिंतीवर लावलं. फोन का लागतो, हे आज लोक उभे राहून विचारत होते. कॉलेजच्या पोरी, एक डॉक्टर, दोन इंजिनिअर. मी सगळ्यांना ती जादा नस बोटाने दाखवली. विजय तर येणाऱ्या प्रत्येकाला पकडून आणत होते. "भिया, ये देखो. हमारे पडोसी हैं."

मग दीनाच्या लॅबमधली एक विद्यार्थिनी आली, शर्वरी नावाची. म्हणाली, "अंकल, आमच्या लॅबवाला ट्रे पण अच्छा आला होता, पूरे पंधरा दिवस मी सांभाळला. पण मॅडम बोलल्या, लागेल तर पप्पांचाच."

लॅबवाला ट्रे?

दीनाला बाजूला घेतलं. "दुसरा ट्रे होता?"

"होता."

"मग मला कशाला कामाला लावलं? 'मी कोणावर सोडू' म्हणालीस ना? मी इकडे राजवाड्यापायी एक रात्र झोपलो नाही!"

तिने माझा हात धरला. "तुम्हीच शिकवलं ना पप्पा. एकाच लाईनीवर भरोसा नाही ठेवायचा."

रागावणार होतो, पण राग येईना. उलट छाती अशी भरून आली की टाके असते तर उसवले असते. शिकवलं नव्हतं मी तिला कधी. लहानपणी माझ्या मांडीवर बसून लॉगबुक चाळायची, तेवढंच. आणि पोरीने दोन लाईनी टाकल्या होत्या, वेगवेगळ्या वाटेने, एकीला दुसरीची खबर नाही. चोख काम. माझ्यापेक्षा चोख. माझी पोरगी आहे, हे मी हॉलमध्ये जरा मोठ्यानेच बोललो.

स्पेअर कोण होतं, मी की लॅब, हे मात्र विचारायचं राहिलं. उद्या विचारीन.

१ मार्च, शनिवार

हजेरी: तीन. आजारी: कुणी नाही. (चंपानेही आज हेच सांगितलं.)

विचारलं. दीना पोळी वाढत होती. म्हणाली, "लॅब."

काही नीट कळलं नाही. भिंतीवर जे लावायचं ते लॅबमध्ये तयार होतंच, मग लॅब स्पेअर कशी? माझ्याकडच्या लाईनवर असं काय चालू होतं, जे बंद पडून चालणार नव्हतं? चंपा आणि ती एकमेकींकडे बघून हसल्या. बायकांचं हे असंच असतं.

'तार जोडो' ची दोनशे एकोणतिसावी लेव्हल. दोन तारे. मस्त वाटलं.

पिवळ्या आता कायमचा आमच्याकडे राहणार. मी दीनाला म्हटलं, प्रदर्शन झालं, आता ट्रे खाली जिन्याखालच्या कपाटात ठेवू. नाही म्हणाली. वरची हवाच त्याला बरी, म्हणे. पोरगी एवढी हुशार, पण जागेच्या प्लॅनिंगमध्ये अजून कच्चीच. असो. ऑर्डर म्हणजे ऑर्डर. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात.

सतरा पायऱ्या. आज मोजायच्या विसरलो.